तुझा शनिवारचा वर्ग

ग्लोरिया,

गुरुवारी दुपारी तू ग्रुप सोडलास. मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते, फोन शेजारी टेबलावर पडला होता, आणि शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर करड्या अक्षरांत एक ओळ उमटली, ग्लोरिया परेरा यांनी ग्रुप सोडला. तुला जाऊन तेव्हा पंधरवडा उलटला होता. तुझा लेक केविन तुझा नंबर बंद करायच्या आधी एकेका ग्रुपमधून तुझं नाव काढत बसला असणार, हे मला कळत होतं. तरी मी डबा बंद केला. तेवढ्यात चित्रकलेच्या तांबे सरांनी घाईघाईने लिहिलं, "का हो मॅडम, काय झालं? कोणी काही बोललं का तुम्हाला?" मग त्यांचं त्यांनाच आठवलं असावं, कारण लगेच त्यांनी ते काढून टाकलं. स्टाफरूममध्ये कोणी हसलं, कोणी पदर डोळ्यांना लावला. मला राग आला. तांबे सरांचा नाही, तुझा. ती ओळ सगळ्यांना सारखीच आली होती. तांबे सरांना, गेल्या महिन्यात लागलेल्या पीटीच्या शिक्षकाला, आणि मला. निदान मला तरी काही वेगळं यायला हवं होतं.

इतकी वर्षं आपण एका टेबलाला बसलो. परळची आपली मराठी शाळा एके काळी गिरणी कामगारांच्या पोरांनी ओसंडून वाहायची, आता वर्गात निम्मी बाकं रिकामी असतात, पण आपलं टेबल तेच राहिलं. तू माहीमहून यायचीस, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा ड्रेस घालून, आणि नवे पालक हमखास तुला इंग्रजीची टीचर समजायचे. "इंग्रजी नाय हो, मी भूगोल शिकवते. नद्या, डोंगर, वारे," असं तू खणखणीत मराठीत सांगितलंस की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

मी लालबागची, मराठी शिकवणारी सावंतबाई. माझा तोरा एकाच गोष्टीचा, माझ्या अक्षराचा. फाटकाजवळचा सुविचाराचा फळा मी लिहायची. बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रं मी लिहायची. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा फलक लिहायला कार्यकर्ते घरी बोलवायला यायचे. मुख्याध्यापक आले नि गेले, सुविचाराचा फळा कोणी माझ्याकडून घेतला नाही. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तुझा तास झाला की मुलं वह्या घेऊन माझ्याकडे यायची, "बाई, परेरा बाईंनी हे काय लिहिलंय?" मी वाचून दाखवायची आणि मला भारी मजा यायची.

मग टाळेबंदी आली आणि फळाच गेला. माझ्या दोन खोल्यांत मी, आमचे हे, मुलगा, त्याचा लॅपटॉप, त्याची ऑफिसची मीटिंग, आणि त्यातच माझी नववी ब. पहिल्या दिवशी मी पडद्यावर मराठीत दोन ओळी टाइप केल्या आणि बघतच राहिले. तुझ्या ओळी आणि माझ्या ओळी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. कुठलं अक्षर कोंबडीचं आणि कुठलं माझं, कोणालाच कळणार नव्हतं. इतरांना त्यात काही वाटलं नसेल. मला कोणीतरी दागिना उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

तू मात्र त्या दिवसांत सुसाट सुटलीस. कोणाची लिंक उघडत नाही, कोणाचा आवाज जात नाही, कोणाच्या घरात एकच फोन आणि तो वडील कामावर घेऊन जातात, सगळे तुलाच विचारायला लागले. तू तास संध्याकाळी घ्यायला लागलीस, वडील घरी आल्यावर. मग मुलांबरोबर वडीलही मागे बसून मोसमी वारे ऐकायचे, आणि एकाने तर हात वर करून प्रश्न विचारला. सगळ्या शाळेत ही गोष्ट फिरली. जी परेरा बाई कालपर्यंत कोणाच्या अध्यातमध्यात नव्हती, तिचं नाव मुख्याध्यापकांच्या दर दुसऱ्या वाक्यात यायला लागलं. मी ते ऐकायची आणि भाजी चिरायची. त्या वर्षी आमच्या घरी कांदा फार बारीक चिरला गेला.

पण मला तू शिकवलंस, हे कसं नाकारू? रोज दुपारी चहाच्या वेळी तुझा फोन यायचा.

"सुनंदा, हातातलं ठेव. आता वर तो निळा चौकोन दिसतो का?"

"दिसतो."

"दाब."

"दाबू?"

"अगं बॉम्ब नाय तो. दाब."

मी दाबायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. तू कधी वैतागली नाहीस. मी मुलांना शुद्धलेखनावरून जे बोलते त्याच्या दहाव्या हिश्शानेही तू मला बोलली नाहीस. मुलं एकाच पानावर आपापल्या घरून एकदम लिहू शकतात, त्यांच्या ओळीशेजारी समासात आपण शेरा देऊ शकतो, वर्गाचे छोटे गट पाडून त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवल्यासारखं बसवता येतं, हे सगळं मी त्या चहाच्या वेळेत शिकले. त्या काळात माझ्या वर्गातलं एकही मूल शाळेतून गळलं नाही. ते तुझ्यामुळे. हे मी तुला तोंडावर सांगितलं नाही, आणि तू विचारलंही नाहीस.

आमचे हे विचारायचे, "ती परेराबाय रोज तुका काय इतक्यां सांगता गो?"

"शिकवते ती मला," मी म्हणायची. ते म्हणताना मला फार बरं वाटायचं. इतक्या लोकांच्या गराड्यातून ती रोज वेळ काढते, माझ्यासाठी, असं मी धरून चालले होते.

शाळा उघडल्या तशी मी धावत फळ्याकडे गेले. म्हटलं, सुटलो एकदाचे. बाकीच्यांनीही ते सगळं गुंडाळून ठेवलं. तू नाही ठेवलंस. शनिवारची सकाळची शाळा सुटली की संगणकाच्या खोलीत तू शिक्षकांचा वर्ग भरवायला लागलीस. आधी आपल्याच शाळेतले चारदोन, मग डिलाईल रोडच्या शाळेतून आल्या, नायगावातून आल्या, गिरगावातून एक बाई यायला लागल्या, शीव कोळीवाड्यातले एक सर तर स्कूटरवरून यायचे आणि येताना सगळ्यांना भजी आणायचे. निवृत्तीला आलेली माणसं पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसायची आणि तू चष्मा कपाळावर चढवून त्यांच्यामध्ये फिरायचीस. मी शेवटच्या खुर्चीवर. मला सगळं येत होतं, तरी यायची. मी नाही आले तर तू कोणाशी काय बोलतेस हे मला कसं कळणार?

त्याच वर्षी आपण दोघींनी मिळून नववीचा तो उपक्रम केला, तुझा भूगोल आणि माझं मराठी. प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीवर लिहायचं, सगळ्यांनी एकाच पानावर, आणि एकमेकांचं वाचून पुरवणी जोडायची. मुलं आठवडाभर त्यावर तुटून पडली होती. कोणी चाळीच्या कॉमन गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवरून कोणाचं भांडण कोणाशी हे लिहिलं. एका मुलीने आजीच्या शीव कोळीवाड्यातल्या घरासमोर बोंबील कसे वाळतात ते असं लिहिलं की मला वास आला. उपक्रमाचा शेवटचा तास माझा होता. संगणकाच्या खोलीत पान मोठ्या पडद्यावर लावलं होतं, मी वाचून घेतलं, शेरे दिले, घंटा झाली. आणि मी नोकरीला लागल्यापासून जे करत आले तेच केलं. आपला तास संपला की फळा पुसून जायचा. पुढच्या बाईंच्या तासाला आपलं लिहिणं तसंच ठेवून जाणं म्हणजे जेवून उष्टं ताट ठेवून उठणं, हे मला माझ्या पहिल्या मुख्याध्यापिकेने शिकवलेलं. मी सगळं निवडलं आणि पुसलं. पान पांढरंशुभ्र झालं. मला स्वच्छ वाटलं.

मुलांनी जी बोंब ठोकली! "बाई, सगळं गेलं! बाई, माझी आजी गेली!" तू शेजारच्या वर्गातून धावत आलीस.

"काय केलंस मॅन?"

"पुसलं. माझा तास संपला ना."

तू पडद्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि भिंतीला टेकून हसत सुटलीस. उचकी लागेपर्यंत. मग डोळे पुसत दोनदा कुठेतरी दाबलंस आणि मगाचचं पान परत आलं, बोंबलांसकट. "इथं पुसलेलं जात नाय गं. मागचं सगळं ठेवलेलं असतं." मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या अर्थातच तुला.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलेलं नाही. तू म्हणायचीस, चुका राहू देत, पहिला खर्डा राहू दे, मुलाला कळू दे की आपण कुठून कुठे आलो, आणि एकाचं चुकलं तर दुसरा सुधारेल. मी म्हणायची, मग बाई कशाला पगार घेते? आणि मी हेही म्हणायची, जे मला अजून पटतं, की मुलाला कोरा फळा मिळायला हवा. सोमवारी ज्याने सगळ्यांसमोर चुकीचं लिहिलं त्याला मंगळवारी ते कुठे दिसता कामा नये. शाळेत निदान तेवढी माफी असावी. तुझ्या त्या पानात माफी नाही, ग्लोरिया. सगळं जपून ठेवलेलं.

त्यावर तू एकदा परळच्या नाक्यावर बसची वाट बघताना म्हणालीस, "सुनंदा, तुझ्या फळ्यावर मुलांनी कधी लिहिलंच नाय. सगळं तूच लिहिलंस. मग पुसायला तुझं काय जातं?" इतकं सहज म्हणालीस की मला आधी लागलंच नाही. घरी पोहोचेपर्यंत लागलं. तेव्हा बस आली आणि उत्तर राहून गेलं. उत्तर माझ्याकडे आहे. माझ्या अक्षरावरून बोट फिरवत किती पोरं लिहायला शिकली, तेही त्यांचंच लिहिणं होतं. हे पुरेसं उत्तर नाही, मला माहीत आहे. तू असतीस तर लगेच त्यातलं भोक दाखवलं असतंस. मी त्याचीही तयारी केली होती.

मग मी ठरवलं, हिला हिच्याच मैदानात हरवायचं. मुलगा ऑफिसला गेला की त्याच्या लॅपटॉपवर मी एकटी बसायची, व्हिडिओ बघायची, करून बघायची. आणि मला एक गोष्ट सुचली जी तुला सुचली नव्हती. प्रत्येक मुलासाठीचा शेरा मी कागदाच्या पट्टीवर हाताने लिहायची, माझ्या बोरूने, काळ्या शाईत, त्याचा फोटो काढायची आणि त्या मुलाच्या ओळींशेजारी चिकटवायची. सगळ्या सारख्या टाइप अक्षरांत माझं अक्षर उठून दिसायला लागलं. मुलं वेडी झाली. ज्यांनी कधी शेरा वाचला नव्हता ती मागायला लागली, "बाई, मला पट्टी द्या ना." एकाच्या आईने ती फोनच्या पडद्यावर लावून ठेवली. मी ते तुला दाखवायला आणलं तेव्हा माझं सगळं लक्ष तुझ्या चेहऱ्याकडे होतं. थोडासा पडेल, एक क्षण तरी पडेल.

"कसलं भारी गं!" तू ओरडलीस. "मला का नाय सुचलं हे?" आणि पुढच्या शनिवारी पंचवीसएक शिक्षकांसमोर तू ते दाखवलंस. "ही सावंतबाईंची युक्ती. त्या बघा, मागे बसल्यात." सगळ्यांनी माना वळवल्या. मी लाल झाले. त्यांना वाटलं लाजले. मी चिडले होते. माझी एकटीची गोष्ट तू एका दुपारी परळपासून गिरगावापर्यंत वाटून टाकलीस, आणि वर खूश होऊन. तुला माझा हेवा वाटायला हवा होता. फार नाही, चिमूटभर. मी इतकी वर्षं तुझ्यावर जळत होते, त्याची एवढी तरी परतफेड व्हायला हवी होती. पण तुला ती गोष्ट येतच नव्हती. कोणाचं चांगलं झालं की तू खरोखर खूश व्हायचीस, आणि ज्याला जळायचं आहे त्याची त्यात फार पंचाईत होते.

आणि मग स्नेहा. विज्ञानाची आपली स्नेहा, माझ्या मुलापेक्षाही लहान. चुणचुणीत आहे, मेहनती आहे, तिच्यात नाव ठेवायला जागा नाही, म्हणून मला ती अजूनच सलते. तू तिला बाळा म्हणायचीस. मला कायम सुनंदा. शनिवारी ती तुझ्या उजव्या हाताला बसायला लागली तेव्हा मी स्वतःला समजावलं, वायरी कोणीतरी लावायला हवीत. पण तुझं दुखणं तिला माझ्याआधी कळलं, ते मी कसं समजावू? महिनाभर आधी. महिनाभर ती माझ्यासमोर डबा खात होती आणि तिला माहीत होतं, आणि मला तू पित्त झालंय म्हणून सांगत होतीस.

दवाखान्यात मी तुला विचारलंच. तू उशीला टेकून बसली होतीस, वाळलेली, पण चष्मा कपाळावरच.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग तुला गप्प कोण करणार? स्नेहाला शनिवारचं समजवायचं होतं. कामाचं होतं ते."

"म्हणजे मी बिनकामाची."

तू माझ्याकडे बघितलंस. काहीतरी बोलणार होतीस, ओठ हलले होते. तेवढ्यात नर्स आली. तिच्या फोनवर मुलीच्या शाळेची लिंक उघडत नव्हती आणि परेरा आंटींना सगळं येतं हे त्या मजल्यावर एव्हाना पसरलं होतं. तू फोन हातात घेतलास आणि तिला समजवायला लागलीस. भेटीची वेळ संपली. तू काय म्हणणार होतीस, ग्लोरिया? रोज वेगवेगळी वाक्यं तुझ्या तोंडी घालून बघते. एकही तुझ्यासारखं वाटत नाही. आणि त्या नर्सला मी माफ केलेलं नाही, बिचारीचा काही दोष नसला तरी.

चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, काही कळत नव्हतं. सगळे उठले की मी उठायची. शवपेटीजवळ जाऊन तुझ्या हाताला हात लावला, तर माझ्या मागे एवढी रांग होती की मला पुढे सरकावं लागलं. तिथेही तू सगळ्यांची.

शाळेतल्या शोकसभेला बाहेरगावचे जुने विद्यार्थीही पडद्यावर आले होते. एकेक जण बोलायला लागला. सगळ्यांचं एकच. परेरा मॅडमनी मला शिकवलं, माझ्यासाठी वेळ काढला, मला कधी कमी लेखलं नाही. ऐकत होते, डोळे वाहत होते, सगळं ठीक होतं. मग गिरगावच्या त्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "टाळेबंदीत मॅडम मला रोज फोन करायच्या. चहाच्या वेळी. न चुकता."

चहाच्या वेळी? चहाच्या वेळी तर तू माझी होतीस. त्यानंतर कोण काय बोललं मला ऐकू आलं नाही. माझा फोन ठेवून तू तिला लावायचीस, की तिचा ठेवून मला? तिलाही म्हणायचीस का, अगं बॉम्ब नाय तो? मुख्याध्यापकांनी दोनदा माझं नाव घेतलं, "सावंत मॅडम, दोन शब्द." मी उठले नाही. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. झालंच होतं, पण फक्त दुःखच होतं असं नाही.

सोमवारी मुख्याध्यापक सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "शनिवारच्या वर्गाचं काय करायचं? स्नेहा मॅडम म्हणाल्या, आधी तुम्हाला विचारा. तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या. तुम्ही म्हणाल तसं."

सगळ्यात जवळच्या. तो शब्द मी पदराला बांधून घेतला, आणि म्हटलं, "बंद करा. परीक्षा तोंडावर आल्यात." परीक्षेचं निमित्त होतं. तुझ्या खुर्चीवर मला कोणी नको होतं. स्नेहा तर नकोच नको. तुझं ते दाब, अजून दाब, घाबरू नका, दुसऱ्या कोणाच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. तू गेलीस, तर वर्गही जाऊ दे. सरांनी बरं म्हटलं. मी बाहेर आले आणि मला वाटलं, चला, आता ही तरी फक्त माझी आठवण झाली.

शुक्रवारी स्टाफरूममध्ये डिलाईल रोडच्या शाळेतल्या चव्हाणबाई आल्या. त्या तुझ्याकडे शनिवारी नेमाने यायच्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे बंद होतंय असं कळलं. हरकत नाही हो, आम्ही आमच्याकडे सुरू करतो. आमच्याकडे नवा प्रोजेक्टर आहे, खोली पण मोठी आहे. स्नेहा मॅडम आल्या तर उत्तमच. नावसुद्धा ठरवलंय, परेरा मॅडम स्मृतिवर्ग."

सगळे माना डोलवायला लागले. किती छान, किती योग्य. स्नेहा खाली बघत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट गेली. तू आता डिलाईल रोडला जाणार. आयुष्यभर परळला घासलीस, माझ्या टेबलाला बसलीस, आणि मेल्यावर त्यांच्या नव्या प्रोजेक्टरखाली त्यांची होणार. दारावर तुझ्या नावाची पाटी, आणि ती कोणीतरी प्रिंट काढून लावलेली.

"वर्ग इथेच होईल," मी म्हटलं.

"अहो पण तुम्हीच तर म्हणालात," सर गोंधळले.

"म्हटलं असेन. उद्या शनिवारच आहे. उद्यापासून."

"घेणार कोण?"

"मी घेणार."

"तुम्ही?" चव्हाणबाईंच्या तोंडून निघून गेलं. त्या लगेच ओशाळल्या, पण तो प्रश्न टेबलावर सगळ्यांसमोर पडून राहिला. सगळ्या परळला माहीत होतं, सावंतबाई म्हणजे फळा पुसणारी. मी हसून वेळ मारून नेली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. माझ्याकडून झालं नाही, तर हा वर्ग पुढच्याच आठवड्यात डिलाईल रोडला जाणार होता, आणि सरांना चव्हाणबाईंचा शब्द मोडता आला नसता.

शनिवारी संगणकाची खोली भरली. लोक उत्सुकतेने आले होते की कीव म्हणून, कळत नव्हतं. भजीवाले सर आले होते. गिरगावच्या बाई आल्या होत्या, त्यांच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. स्नेहाने वायरी लावल्या आणि म्हणाली, "बाई, मी मागे बसते. लागलं तर हाक मारा." हाक मारायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. तुझी खुर्ची मला उंच होती. मी ती खाली केली आणि बसले.

पहिली पाच-दहा मिनिटं मी नुसतं माझ्या टिपणातलं वाचून सांगितलं. मग तांबे सरांचं बोट अडलं. मला लांबूनच कळलं कुठे अडलंय, कारण माझं तिथंच अडलं होतं. मग नायगावच्या बाईंचं अडलं, तेही मला ठाऊक होतं. ग्लोरिया, तू फार पटकन शिकली होतीस. तू चार गोष्टी एका दमात सांगायचीस, आणि लोक लाजेने मान हलवायचे. मी एक एक गोष्ट सांगत गेले. इथं घाबरायला होतं, मलाही झालं होतं. इथं वाटतं सगळं बिघडलं, थांबा, बिघडलेलं नाही. सगळ्यांना मी एका पानावर आणलं. तांबे सरांनी घाम पुसत पहिली ओळ लिहिली, नमस्कार मी तांबे, आणि खोलीभरच्या माणसांनी आपापल्या जागेवरून त्यांना उत्तरं लिहिली. उत्तरं एकामागून एक उमटताना बघून सर लहान मुलासारखे हसले. घड्याळाकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही.

निघताना चव्हाणबाई माझ्यापाशी आल्या. माझा हात हातात घेतला आणि हळूच, कोणी ऐकणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "एक सांगू का, सावंतबाई? राग मानू नका. परेरा मॅडमपेक्षा तुम्ही छान समजावता. त्यांचं मला निम्मं कळायचंच नाही हो. मी नुसती मान हलवायची. वर्ग राहू दे इथंच."

हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं टपून बसले होते, तुला कल्पना नाही. भाजी चिरताना, शेवटच्या खुर्चीवर बसून, मुलाच्या लॅपटॉपसमोर डोळे दुखेपर्यंत बसून, याच एका वाक्याची वाट बघितली. ते आलं, आणि मी आधी काय केलं सांगू? मान वळवून तुला शोधलं. तुझा चेहरा पडलाय का ते बघायला. तिथे स्नेहा वायरी गुंडाळत होती.

एवढ्यासाठी तरी थांबायचं होतंस गं. एकदा, एकदाच, जळायचं होतंस माझ्यावर.